डिस्क फुल, आणि प्रोग्रॅम म्हणतो 'सेव्ह झालं'

ह्या वेळी सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतलेत: प्रोग्रॅम फाइल लिहितोय आणि मधेच डिस्क भरली तर काय करायचं. लांब पत्रं थोडी छाटलीत. कोड छापायला जागा नाही म्हणून सगळं शब्दांतच सांगतेय, समजून घ्या.

प्रश्न: ताई, मी पायथनमधे एक छोटं अ‍ॅप लिहिलंय, सगळा डेटा एका जेसन फाइलमधे असतो, सेव्ह दाबलं की तीच फाइल डब्ल्यू मोडमधे उघडून परत पूर्ण लिहितो. एका युजरची डिस्क भरत आली होती, त्याने सेव्ह केलं, एरर आली, इथपर्यंत ठीक. पण नंतर बघतो तर जुनी फाइल शून्य बाइटची! नवीन सेव्ह झालं नाही हे समजू शकतो, पण जुनं का गेलं?

उत्तर: कारण जुनं तुमच्याच प्रोग्रॅमने पुसलं, आणि ते पण लिहायला सुरुवात करायच्या आधी. डब्ल्यू मोडमधे फाइल उघडली की त्याच क्षणी तिची लांबी शून्य होते, तेव्हा अजून एक अक्षरही लिहिलेलं नसतं. आता तुम्ही म्हणाल की जुनी फाइल रिकामी झाली म्हणजे तेवढी जागा सुटली ना, मग नवीन बसायला हवी होती. पण डिस्क भरतेय म्हणजे तिथे कोणीतरी सतत लिहितंय, बहुतेक वेळा कुठलातरी बेफाम वाढलेला लॉग, आणि सुटलेली जागा तुमच्या आधी तोच खाऊन टाकतो. मग तुमच्या हातात ना जुनं ना नवं.

उपाय जुनाच आहे आणि तो व्यवस्थित केला तर चालतो. त्याच फोल्डरमधे एक टेम्प फाइल बनवा, सगळा डेटा तिच्यात लिहा, फ्लश करा (प्रोग्रॅमजवळ साठलेलं ऑपरेटिंग सिस्टीमकडे ढकला), एफसिंक करा (सिस्टीमकडून ते खरंच डिस्कवर लिहून घ्या), बंद करा, आणि ह्यातलं प्रत्येक पाऊल एरर न येता पार पडलं तरच ओएस मॉड्यूलमधल्या रिप्लेसने तिला मूळ नाव द्या. मधे कुठेही एरर आली तर टेम्प फाइल डिलीट करायची आणि एरर वर जाऊ द्यायची, मूळ फाइलला हातच लागलेला नसतो. पॉसिक्स सिस्टीमवर (लिनक्स, मॅक वगैरे) रिनेम अटॉमिक असतं, म्हणजे त्या वेळी दुसरा कोणी फाइल उघडत असेल तर त्याला पूर्ण जुनी मिळेल नाहीतर पूर्ण नवी, अर्धवट काही नाही.

'त्याच फोल्डरमधे' हे शब्द नीट वाचा, कारण लोक तिथेच घसरतात. सिस्टीमच्या टेम्प फोल्डरमधे फाइल बनवतात, तो फोल्डर बऱ्याचदा वेगळ्या फाइलसिस्टीमवर असतो, आणि एका फाइलसिस्टीमवरून दुसरीवर रिनेम होतच नाही, एरर येते. मग कोणीतरी सांगतं की त्याऐवजी शटिल मॉड्यूलमधलं मूव्ह वापर, ते वापरलं की एरर गायब. गायब होणारच, कारण रिनेम जमलं नाही की ते गुपचूप कॉपी करायला लागतं, मूळ फाइलवरच, आणि आपण फिरून पहिल्याच जागी आलो.

एफसिंक गाळू नका. 2009 च्या सुमारास लिनक्सची ईएक्सटी4 ही फाइलसिस्टीम नवीन असताना मशीन क्रॅश झाल्यावर बऱ्याच जणांच्या सेटिंग फाइली शून्य बाइटच्या निघाल्या होत्या, कारण ती फाइलसिस्टीम डेटाला डिस्कवरची जागा उशिरा नेमून देते, आणि नाव बदललं पण आतला डेटा अजून पोचलाच नाही असं होऊ शकायचं. नंतर लिनक्समधे ह्यासाठी खास सोय केली गेली, पण आपला प्रोग्रॅम त्या सोयीच्या भरवशावर कशाला ठेवायचा. पॉवर गेली तरी नवं नाव टिकायलाच हवं असेल तर रिनेमनंतर फोल्डरलाही एफसिंक करा.

फुकट काहीच नसतं, तसं ह्यातही आहे. थोडा वेळ जुनी आणि नवी दोन्ही फाइली डिस्कवर असतात म्हणजे जागा दुप्पट लागते. टेम्प फाइल देणाऱ्या एमकेएसटेम्प फंक्शनने बनवलेल्या फाइलचं परमिशन फक्त मालकापुरतं असतं, ते मूळ फाइलसारखं करून घ्यावं लागतं नाहीतर दुसऱ्या दिवशी 'फाइल उघडत नाही' म्हणून फोन. आणि मूळ नाव जर सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नाव) असेल तर रिनेम त्या लिंकलाच बदलून टाकतं, म्हणून आधी खरा पाथ शोधून घ्या.

प्रश्न: मी प्रत्येक राइटभोवती ट्राय-एक्सेप्ट लावलंय तरी डिस्क फुलची एरर तिथे सापडत नाही, भलत्याच ओळीवरून येते आणि प्रोग्रॅम पडतो. हा पायथनचा बग आहे का?

उत्तर: बग नाही. राइट म्हटल्यावर डेटा आधी प्रोग्रॅमच्याच मेमरीतल्या बफरमधे जातो, तो भरला की मग ऑपरेटिंग सिस्टीमकडे. तुमची फाइल दोन-चार केबीची असेल तर सगळे राइट बफरमधेच बसतात आणि सगळे यशस्वी होतात, डिस्कवर जागा असो नसो. खरं लिहिणं होतं फाइल बंद करताना, आणि तुम्ही विथ वापरत असाल तर बंद होणं घडतं विथचा ब्लॉक संपताना. तुमचं ट्राय विथच्या आत आहे, एरर येते विथच्या दारात. ट्राय बाहेर घ्या, पूर्ण विथ त्याच्या पोटात येऊ दे, प्रश्न सुटेल. एरर ओएसएरर असते, तिच्यातला एररनो, म्हणजे एररचा नंबर, लिनक्सवर 28 असेल तर जागा संपली, 122 असेल तर कोटा (त्या युजरला नेमून दिलेली जागा) संपला. विंडोजचा स्वतःचा कोड 112 आहे.

बाकी भाषांमधे तर ह्याहून वाईट आहे, कारण तिथे एरर येतच नाही, तुम्हाला विचारावी लागते. सी मधे एफप्रिंटएफची रिटर्न व्हॅल्यू बघणारे थोडे, एफक्लोजची बघणारे त्याहून थोडे, आणि नेमकी तीच महत्त्वाची. सी++ मधलं ओएफस्ट्रीम आतल्या आत एक फ्लॅग लावून गप्प बसतं, आणि क्लोज न करता ऑब्जेक्ट स्कोपबाहेर गेला तर शेवटची एरर डिस्ट्रक्टरच गिळून टाकतो. जावाचा प्रिंटरायटर लिहिताना आयओ एक्सेप्शन टाकतच नाही, चेकएरर नावाची मेथड आहे ती आपण होऊन बोलवायची, जी कोणी बोलवत नाही. गो मधे डिफर करून (फंक्शन संपताना आपोआप होईल असं) क्लोज लिहायची सवय सगळ्यांना असते, वाचायच्या फाइलला ते चालतं, लिहायच्या फाइलला क्लोजची एरर हातातून निसटते.

थेट सिस्टीम कॉल (मधे बफर न ठेवता ऑपरेटिंग सिस्टीमलाच सांगणं) वापरत असाल तर आणखी एक गोम. 4096 बाइट लिहायला सांगितले आणि जागा 1500 चीच होती तर राइट 1500 असं उत्तर देतो, ही एरर नाही! उरलेले पाठवायला परत कॉल केला की तेव्हा जागा संपल्याची एरर. म्हणून लूप लावायचा आणि किती गेले ते मोजायचं. आणि एनएफएससारख्या नेटवर्क डिस्कवर राइट यशस्वी होऊन एरर एफसिंकला किंवा क्लोजला येऊ शकते, कारण डेटा क्लायंटच्या कॅशमधे थांबलेला असतो आणि सर्व्हरवर जागा नाही हे नंतर कळतं.

प्रश्न: एवढं सगळं करण्यापेक्षा लिहायच्या आधीच फ्री स्पेस चेक केली तर?

उत्तर: करा, पण तेवढ्यावर विसंबू नका. तुम्ही बघितलं तेव्हा 500 एमबी होती, लिहायला लागलात तोवर दुसऱ्या प्रोसेसने घेतली, झालं. शिवाय आकडा कुठला बघताय तेही आहे: ईएक्सटी4 बनवताना डीफॉल्टने 5 टक्के जागा रूटसाठी राखीव राहते, त्यामुळे 'एकूण मोकळी' आणि 'तुम्हाला मिळू शकणारी' हे दोन वेगळे आकडे असतात, जागेची माहिती देणाऱ्या स्टॅटव्हीएफएस कॉलमधे एफ-बीफ्री आणि एफ-बीअव्हेल म्हणून, आणि आपल्याला दुसरा हवा. कोटा वेगळाच.

चेकचा खरा उपयोग एवढाच की दोन तास चालणारा एक्सपोर्ट सुरू करायच्या आधी 'बसणार नाही असं दिसतंय' हे सांगता येतं, आणि ते चांगलंच आहे.

फाइल किती मोठी होणार ते आधीच माहीत असेल, म्हणजे डाउनलोड, व्हिडिओ वगैरे, तर पॉसिक्स एफ-अ‍ॅलोकेट वापरा, हे म्हणजे रुमाल टाकून जागा धरून ठेवणं, मिळाली नाही तर सुरुवातीलाच कळतं. सी मधे त्याची एरर रिटर्न व्हॅल्यूत येते, एररनोमधे नाही, तिथे फसू नका. एफट्रंकेटने फाइल मोठी करणं म्हणजे हेच असं समजू नका, त्याने फक्त लांबीचा आकडा वाढतो, जागा मिळत नाही. अशी पोकळ फाइल एममॅप करून (मेमरीचा भाग असल्यासारखी जोडून) तिच्यात लिहायला गेलात आणि डिस्क भरली तर एरर कोड नाही, सिगबस सिग्नल येतो आणि प्रोग्रॅम जागीच आडवा. आणि बीटीआरएफएस किंवा झेडएफएससारख्या फाइलसिस्टीमवर, जिथे बदललेला डेटा नेहमी नव्या जागी लिहिला जातो, तिथे ह्या रुमालावर फार विश्वास ठेवू नका.

प्रश्न: सीएसव्हीच्या शेवटी ओळी जोडत जाणारा प्रोग्रॅम आहे. डिस्क भरली की शेवटची ओळ अर्धीच राहते, मग जागा झाल्यावर पुढची ओळ त्याच अर्ध्या ओळीला चिकटते. दर वेळी पूर्ण फाइल परत लिहिणं परवडत नाही.

उत्तर: नको लिहू. प्रत्येक ओळीआधी फाइलची लांबी लक्षात ठेव, लिहिताना एरर आली तर फाइल तेवढ्या लांबीवर ट्रंकेट कर. मधे बफर असेल तर हे जमत नाही, एकतर बफर बंद कर नाहीतर ओळ संपली की फ्लश कर. तरी पॉवर गेली तर अर्धी ओळ राहूच शकते, म्हणून प्रोग्रॅम सुरू होताना फाइलचा शेवटचा बाइट न्यूलाइन आहे ना ते बघ, नसेल तर मागच्या न्यूलाइनपर्यंत काप. पैशाचे वगैरे रेकॉर्ड असतील तर हे सगळं हाताने करण्यापेक्षा सरळ एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घे, जागा संपली की ते कोड 13 देतं, ट्रान्झॅक्शन मागे घेता येतं आणि आधीचा डेटा जसाच्या तसा राहतो.

प्रश्न: सर्व्हरवर डीएफ (मोकळी जागा दाखवणारी कमांड) 40 टक्के जागा मोकळी दाखवतंय आणि प्रोग्रॅम म्हणतो जागा नाही. खोटं कोण बोलतंय?

उत्तर: कोणीच नाही. डीएफला आय ऑप्शन देऊन बघा, आयनोड (प्रत्येक फाइलसाठी लागणारी एक नोंद) संपले असतील. ईएक्सटी4 वर फाइलसिस्टीम बनवतानाच आयनोडची संख्या ठरते, आणि लाखो बारीक फाइली (सेशन, कॅश, मेलच्या रांगा) झाल्या की जागा असून नवी फाइल बनत नाही, आणि एरर मात्र तीच, 28. म्हणून मेसेजमधे 'डिस्क भरली' असं ठामपणे लिहू नका. गंमत म्हणजे फाइलींवर नजर ठेवणारं आयनोटिफायसुद्धा त्याची वॉचची मर्यादा संपली की हाच नंबर देतं, तिथे तर डिस्कचा काही संबंधच नाही, आणि लोक बिचारे फाइली डिलीट करत बसतात.

ह्याची उलटी तक्रार पण एका पत्रात आहे: मोठा लॉग डिलीट केला तरी जागा सुटली नाही. एखाद्या प्रोसेसने तो अजून उघडा धरलाय. नाव गेलं, डेटा आहे, ती प्रोसेस फाइल बंद करेपर्यंत राहणार. एलएसओएफ कमांडने अशा बेनाव फाइली शोधता येतात. चालू लॉग डिलीट करण्याऐवजी ट्रंकेट करा, जागा लगेच सुटते.

प्रश्न: आमची सर्व्हिस चोवीस तास चालते. डिस्क भरल्यावर तिने थांबावं, परत परत प्रयत्न करावा की सरळ मरावं? टीममधे ह्यावरून दोन तट पडलेत.

उत्तर: दोन्ही तट बरोबर असू शकतात, मोठमोठ्या डेटाबेसचंही ह्यावर एकमत नाही. मायएसक्यूएल थांबतं, दर मिनिटाला जागा झाली का बघतं आणि झाली की काहीच घडलं नाही असं पुढे चालू होतं. पोस्टग्रेसची वॉल फाइलींची (बदल आधी नोंदवून ठेवणाऱ्या लॉगची) डिस्क भरली तर सर्व्हर पॅनिक होऊन बंद पडू शकतो, पण डेटा खराब होत नाही, जागा करून चालू करा. माझं मत विचाराल तर, समोर माणूस किंवा दुसरी सर्व्हिस उत्तराची वाट बघत असेल तर लगेच 'नाही झालं' सांगा, लटकवून ठेवू नका. मागे चालणारं काम असेल तर थांबा, पण दोन प्रयत्नांमधलं अंतर वाढवत न्या आणि कुठेतरी मर्यादा घाला. वाचायच्या रिक्वेस्ट चालू ठेवता येत असतील तर ठेवाच, डिस्क भरली म्हणून वाचणं अडत नाही. एक अपवाद: एफसिंकच फेल झालं तर तेच परत बोलावून 'आता यशस्वी' हे उत्तर खरं मानू नका. लिनक्सवर दुसऱ्यांदा यश मिळू शकतं आणि डेटा तरी गेलेला असतो, 2018 मधे पोस्टग्रेसवाल्यांनी ह्यावर बरीच डोकेफोड केली आणि शेवटी अशा वेळी पॅनिक व्हायचं ठरवलं. डेटा मेमरीत असेल तर पहिल्यापासून परत लिहा.

टीममधे हा वाद घालताना लॉगचं काय ते पण ठरवा. एरर आली की हँडलर लॉग लिहायला जातो, लॉग त्याच डिस्कवर, तिथे परत तीच एरर, ती कोणी पकडलेली नसते, आणि मूळ एरर कुठेच नोंदली न जाता सर्व्हिस पडते. लॉग वेगळ्या पार्टिशनवर ठेवा किंवा निदान हँडलरमधून स्टँडर्ड एररवर लिहा. लॉग रोटेट करून झिप करणारी स्क्रिप्ट असेल तर झिप बनवायलाही जागा लागते हे पण ध्यानात असू द्या, ती डिस्क 99 टक्के झाल्यावर चालून उपयोग नाही. काही लोक एक-दोन जीबीची बिनकामाची, पण खरी लिहिलेली फाइल मुद्दाम ठेवतात, अडचणीत ती डिलीट करून हालचालीपुरती जागा मिळते. मला हे आवडतं, दिसायला गावठी आहे पण मध्यरात्री कामाला येतं.

आणि बॅकअप सर्व्हर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. ऑगस्ट 2023 मधे टोयोटाचे जपानमधले 14 कारखाने बंद पडले होते. 27 तारखेला मेंटेनन्स करताना डेटाबेसमधला साठलेला डेटा आवरत असताना डिस्कची जागा अपुरी पडली आणि पार्ट्सच्या ऑर्डर घेणारी सिस्टीम थांबली, बॅकअपवरही तसंच फेल्युअर झालं कारण तो त्याच सिस्टीमवर चालत होता, त्यामुळे तिकडे वळताच आलं नाही. शेवटी जास्त क्षमतेच्या सर्व्हरवर डेटा हलवून काम सुरू झालं. बघा, साफसफाई करतानाच जागा कमी पडली.

प्रश्न: युजरला मेसेज काय दाखवू? सध्या 'अननोन एरर' दाखवतोय.

उत्तर: अननोन कशी, तुम्हाला तर माहितीय! कुठली फाइल, कुठल्या ड्राइव्हवर, अंदाजे किती जागा लागेल, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमची आधीची फाइल सुरक्षित आहे (असेल तरच लिहा). खाली 'परत प्रयत्न करा' आणि 'दुसरीकडे सेव्ह करा' अशी दोन बटणं. युजरने टाइप केलेलं मेमरीतून सोडू नका, विंडो उघडीच राहू दे. कमांड लाइनचा प्रोग्रॅम असेल तर एक्झिट कोड शून्य नको, नाहीतर पुढची स्क्रिप्ट अर्धी फाइल घेऊन पुढे जाईल.

प्रश्न: हे टेस्ट कसं करायचं? खरी डिस्क भरून बघायची हिंमत होत नाही.

उत्तर: गरजच नाही. लिनक्सवर डेव्ह फोल्डरमधे फुल नावाचं एक डिव्हाइस आहे, त्यावर काहीही लिहा, दर वेळी 'जागा नाही' हेच उत्तर. तुमच्या प्रोग्रॅमचं आउटपुट तिकडे वळवा आणि एक्झिट कोड बघा. सी मधला पुस्तकी 'हॅलो वर्ल्ड' तिकडे वळवला तर तो शून्य देऊन मोकळा होतो, म्हणजे एक अक्षर न लिहिता यशस्वी!

पण तिथे पहिलाच राइट फेल होतो, मधेच जागा संपण्याची टेस्ट होत नाही. त्यासाठी एक एमबीचं टेम्पएफएस (मेमरीत राहणारी फाइलसिस्टीम) माउंट करा, त्यात आधी एक चांगली फाइल ठेवा, उरलेली जागा भरून टाका आणि मग सेव्ह करायला लावा. नंतर दोन गोष्टी तपासा: जुन्या फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) तोच आहे का, आणि टेम्प फाइल मागे राहिलीय का. त्याहून बारीक हवं असेल तर सिस्टीम कॉलवर नजर ठेवणाऱ्या एसट्रेस टूलच्या इंजेक्ट ऑप्शनने अमुक नंबरचाच राइट फेल करता येतो. पहिला फेल करून बघा, मग दुसरा, मग तिसरा, असं सगळा सेव्ह एकदाही न अडता पार पडेपर्यंत, एसक्यूलाइटवाले आयओ एररच्या टेस्ट ह्याच पद्धतीने करतात. राइट झाले की एफसिंक आणि क्लोजलाही तेच.

फक्त एक जपा. वर सांगितलेली टेम्प-आणि-रिनेमची पद्धत वापरणाऱ्या प्रोग्रॅमला आउटपुट फाइल म्हणून ते फुल डिव्हाइस देऊ नका, निदान रूट म्हणून चालवताना तरी. टेम्प फाइल डेव्ह फोल्डरमधे बनेल, छान लिहिली जाईल, आणि रिनेम त्या डिव्हाइसच्या जागी तुमची जेसन फाइल बसवून देईल, मग पुढच्या सगळ्या टेस्ट पास.